कोचीचं बंदर कॅमेऱ्यात पकडताना

महाराष्ट्रातून केरळला निघणाऱ्या सहलींमध्ये कोचीच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. विमान नेडुंबासेरीला उतरतं. दुपारी फोर्ट कोचीतली चिनी जाळी, ज्यू गल्ली आणि मट्टानचेरीचा राजवाडा उरकला जातो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी मुन्नारच्या घाटाला लागते. घरी आल्यावर फोन उघडावा तर जाळ्यांचे फोटो ढीगभर, पण सगळे एकाच साच्यातले: पांढुरक्या आभाळापुढे काळपट बांबू आणि खाली हसणारी मंडळी. फोटो वाईट नसतात, पण त्यात बंदर नसतं.

एवढ्या कमी वेळात कोचीचे चांगले फोटो नक्की मिळू शकतात. कॅमेरा महागाचा हवा असंही नाही, गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा फोन पुरतो. बंदराचा दिवस कसा चालतो हे मात्र ठाऊक असायला हवं. ऊन कुठून येतं, पाणी कुठल्या दिशेला वाहतंय आणि माणसं कधी काय काम करतात, या तीन गोष्टी कळल्या की कॅमेरा घेऊन कुठे उभं राहायचं ते आपोआप ठरतं.

आधी जागा समजून घेऊ. पूर्वेला मुख्य भूमीवर एर्नाकुलम, पश्चिमेला समुद्राच्या अंगाला फोर्ट कोची आणि त्याला चिकटून मट्टानचेरी, मधोमध विलिंग्डन बेट आणि उत्तरेला वैपिन. फोर्ट कोची आणि वैपिन यांच्यामधल्या चिंचोळ्या मुखातून अरबी समुद्र आत येतो. इ. स. १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला आणि त्यानं हे मुख उघडलं, असं मानलं जातं. उत्तरेकडचं मुझिरिस हे प्राचीन बंदर मागे पडलं आणि व्यापार इथे सरकला. तरी मोठ्या जहाजांना आत यायला विसावं शतक उजाडावं लागलं, कारण मुखाशी वाळूचा दांडा आडवा पसरलेला होता. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता १९२० मध्ये इथे आला. त्यानं दांडा कापून खोल मार्ग काढला आणि उपसलेल्या वाळूगाळाची भर घालून विलिंग्डन बेट उभं केलं. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली. हा इतिहास फोटो काढणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. आजही प्रत्येक मोठं जहाज या एकाच अरुंद मार्गानं, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून जातं. इतक्या जवळून, कुणाची परवानगी न घेता, एवढी मोठी जहाजं इथे बघायला मिळतात.

आता उन्हाकडे वळू. सूर्य क्षितिजाच्या जवळ असताना जो सोनेरी प्रकाश मिळतो त्याला छायाचित्रकार ‘गोल्डन अवर’ म्हणतात. शब्दात ‘अवर’ असल्यामुळे आपण तासभर निवांत वेळ आहे असं धरून चालतो. कोचीत तसं नाही. पृथ्वी ताशी १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं लागतात. कोची साधारण १० अक्षांशावर आहे आणि तिथे सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो. सहा अंश उंचीवरून क्षितिजाला टेकायला त्याला जेमतेम पंचवीस मिनिटं लागतात. लंडनमध्ये तो तिरका घसरत जातो, त्यामुळे मार्च-सप्टेंबरात एवढ्याच उतारासाठी जवळपास चाळीस मिनिटं मिळतात, उन्हाळ्यात तर त्याहून जास्त. म्हणजे कोचीत ऊन सोनेरी झाल्यावर जागा शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो. पाऊण तास आधी जागेवर पोहोचायचं, चौकट ठरवायची आणि थांबायचं.

दिशाही महत्त्वाची. वर्षभरात सूर्य मावळण्याची जागा बरीच सरकते. जूनअखेर तो पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २४ अंश मावळतो आणि डिसेंबरअखेर दक्षिणेला तितकाच. फोर्ट कोचीची जाळी उत्तरेकडच्या मुखाशी रांगेत उभी आहेत. बहुतेक मराठी पर्यटक दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत जातात. त्या दिवसांत पाण्याकडे तोंड केलं तर मावळता सूर्य डावीकडे, जमिनीच्या अंगाला सरकलेला असतो. त्यामुळे रांगेच्या पूर्वेकडच्या टोकाला जाऊन पश्चिमेकडे बघावं, म्हणजे एकामागे एक जाळ्यांच्या आकृत्या उजेडासमोर सुट्या दिसतात. रांगेच्या मधोमध उभं राहिलं तर सूर्य चौकटीबाहेर जातो आणि जाळ्यांमागे वैपिनचा किनारा तेवढा उरतो.

जाळ्यांपाशी मात्र भरपूर वेळ काढा. ज्याला मल्याळममध्ये चीनवला म्हणतात ते यंत्र समजून घेतल्याशिवाय त्याचा फोटो जमत नाही. ती चिनी व्यापाऱ्यांनी आणली की पोर्तुगिजांनी मकाववरून, यावर मतभेद आहेत. रचना मात्र अस्सल तराजूची आहे. किनाऱ्यावर सागवानी खांबांचा आणि बांबूंचा दहा मीटरहून उंच सांगाडा, पाण्याकडच्या टोकाला चार वाकवलेले हात आणि त्यांच्यामध्ये झोळीसारखं लोंबणारं जाळं. जमिनीकडच्या बाजूला दोरांना मोठमोठे धोंडे बांधलेले असतात. दोन्हींचं वजन इतकं नेमकं जुळवलेलं असतं की एक माणूस मुख्य तुळईवरून पाण्याच्या दिशेनं चालत गेला, की त्याच्याच भारानं जाळं खाली बुडतं आणि मागचे धोंडे एकेक करून वर उचलले जातात. काही मिनिटं शांतता. मग चार-सहा जण दोर धरतात, ओढायला लागतात. धोंडे खाली येतात, जाळं वर येतं, मधल्या खोलगट भागातून पाण्याच्या धारा लागतात. लांब दांड्याच्या छोट्या जाळीनं एक जण मासळी काढून घेतो. काठावर बगळे आणि मांजरं टपून असतात, डोक्यावर घारी फिरतात. पुन्हा तोच माणूस तुळईवर चालायला लागतो.

हे चक्र दर काही मिनिटांनी फिरतं, म्हणून घाई करू नये. पहिली फेरी फक्त बघावी. दुसऱ्या फेरीला तुळईवरच्या माणसावर लक्ष ठेवावं, कारण आभाळाच्या पार्श्वभूमीवर त्याचा तोल सावरणारा देह हाच त्या यंत्राचा खरा चालक आहे. तिसऱ्या फेरीला पाठ फिरवून धोंड्यांकडे आणि दोर ओढणाऱ्या हातांकडे बघावं. पर्यटक समुद्राकडे तोंड करून उभा राहतो आणि सगळं काम त्याच्या पाठीमागे चाललेलं असतं. दोर ओढणाऱ्यांच्या बाजूला दोन पावलं सरकून, जरा खाली बसून बघितलं तर चौकटीत पुढे हात, मधे ताणलेले दोर आणि लांब वर उचललेलं जाळं येतं. एका चित्रात सगळी यंत्रणा कळते. पाण्याचे थेंब सुटे दिसावेत असं वाटत असेल तर शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद हवा. ओढण्याची लय दाखवायची असेल तर उलट करावं. आठव्या भागापर्यंत खाली यावं, कॅमेरा कठड्यावर टेकवावा, म्हणजे सांगाडा ठाम राहतो आणि माणसं हलकी पुसट होतात.

जाळं कधी चालेल हे पाण्यावर ठरतं. त्याला ठरावीक खोलीच लागते, त्यामुळे एकच जाळं दिवसभर चालत नाही. भरती-ओहोटीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी जाळी चालतात. कोकणातल्या माणसाला तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. तो हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा, कोचीला तो लावू नये. कोचीच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि पाण्याची चढउतारही बरीच कमी, साधारण मीटरभर. मुंबईत मोठ्या उधाणाला ती पाच मीटरच्या घरात जाते. इथल्या वेळा पाहायच्या तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या अंदाजात कोचीची नोंद मिळते. डोळ्यांनी ओळखायचं तर जलपर्णी बघा. पावसाळ्यानंतर आतल्या गोड्या पाण्यातून तिचे हिरवे पुंजके ओहोटीबरोबर मुखाकडे वाहत येतात. कोळ्यांना त्यांचा मोठा ताप होतो, कारण मासळीऐवजी जाळ्यात जलपर्णीच भरते. तेही टिपायला हवं. बंदराचं ते आजचं खरं चित्र आहे.

जाळ्यांमागून जहाज जातं तेव्हाचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि नेमका तोच फसतो. प्रत्यक्षात डोंगराएवढं वाटलेलं जहाज फोटोत खेळण्याएवढं दिसतं. दोष फोनचा नसतो, उभं राहण्याच्या जागेचा असतो. समजा तुम्ही जाळ्यापासून २५ मीटरवर उभे आहात आणि जहाज जाळ्याच्या पलीकडे २७५ मीटरवर आहे. म्हणजे जहाज तुमच्यापासून ३०० मीटर लांब, जाळ्याच्या बारा पट. आता मागे चालत या आणि जाळं १०० मीटरवर जाऊ द्या. जहाज ३७५ मीटरवर गेलं, पण जाळ्याच्या तुलनेत ते आता पावणेचार पटच लांब आहे. झूम करून जाळं पूर्वीएवढं मोठं केलं की मागचं जहाज आधीपेक्षा तिपटीहून मोठं दिसेल. नुसतं झूम करून हे होत नाही. पायांनी मागे जावं लागतं आणि मग झूम करावं लागतं. जहाजाची वेळ आधी कळावी म्हणून मरीनट्रॅफिकसारखं ॲप फोनमध्ये ठेवावं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांना आपली जागा रेडिओवरून सतत कळवत राहणं बंधनकारक आहे, आणि तीच माहिती या नकाशांवर दिसते. २०११ मध्ये वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल सुरू झालं. तिथे जाणारी कंटेनरनं भरलेली जहाजं याच मुखातून आत वळतात. शेकडो वर्षं जुनी रचना आणि रंगीत डब्यांची चवड एका चौकटीत येणं, यापेक्षा कोचीचं नेमकं चित्र मला सुचत नाही.

बंदर पाण्यावरून बघायचं तर राज्य जलवाहतूक खात्याची साधी बोट धरावी. तिकीट अगदी स्वस्त, खिडक्या उघड्या आणि सोबतीला कामावर निघालेली माणसं. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो सुंदर आहे, विजेवर चालते, थंडगार आहे, पण काचेतून फोटो काढताना आपलंच प्रतिबिंब आड येतं. तिथे फोनचं भिंग काचेला अगदी चिकटवून धरावं. सकाळी एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला जाताना सूर्य पाठीशी असतो, समोरचा किनारा उजळलेला असतो. संध्याकाळी परतताना तसंच ऊन एर्नाकुलमच्या इमारतींवर पडतं. उलट दिशेनं प्रवास केला तर दोन्ही वेळा उजेड डोळ्यांवर येईल. बोटीत कोपर कठड्यावर टेकवू नये. इंजिनाची थरथर सरळ कॅमेऱ्यात उतरते. पाय थोडे फाकवून, कोपरं अंगाशी धरून उभं राहावं आणि शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या खाली येऊ देऊ नये. फोर्ट कोची ते वैपिन ही गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट तर दहा मिनिटांचीही फेरी नाही, पण स्कूटरी, रिक्षा आणि माणसं यांची एवढी दाटी दुसरीकडे मिळायची नाही. आणि याच मुखाशी अधूनमधून डॉल्फिनही वर येतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. कोची हे नौदलाच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय आहे आणि ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका इथल्याच गोदीत बांधली गेली. बोटीतून जाताना युद्धनौका आणि गोदी दिसतात. त्या भागात मनाईच्या पाट्या आहेत. तिथे फोन खिशात ठेवायचा. ड्रोन न्यायचा विचार असेल तर सरकारी डिजिटल स्काय नकाशावर आपण लाल क्षेत्रात आहोत का, ते आधी बघायचं.

दुपारचं काय? कोचीतली दुपार कडक असते. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. कोचीत तो एप्रिलच्या मध्याला आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीला येतो. इतर दिवसांतही भर दुपारी ऊन उंचावरूनच येतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि पाणी पांढरं फटक दिसतं. त्या वेळी किनारा सोडून मट्टानचेरीच्या बाजार रस्त्यावर जावं. एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला थेट पाणी, अशी जुनी वखारवजा दुकानं इथे आहेत. मिरी, सुंठ, तांदळाची पोती, हमालांची ये-जा आणि हवेत सुंठीचा वास. उन्हानं तापलेल्या समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड दारातून आत येतो. दारापासून दोन-तीन हात आत बसलेल्या माणसाचा चेहरा त्या उजेडात जसा दिसतो, तसा स्टुडिओतही दिसणार नाही.

याच भागात कान उघडे ठेवले तर कोकणी ऐकू येते. पोर्तुगीज काळात गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं इथे स्थिरावली, चेरलाईला त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं मलबारातल्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या कोचीतल्या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलं आहे. कॅमेरा यायच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी याच गावी बसून माणसांनी झाडांचं पान न् पान चितारून घेतलं होतं. मट्टानचेरीतून फिरताना मला हे नेहमी आठवतं आणि हात आपोआप सावकाश होतो.

फोर्ट कोचीच्या वेली भागातला धोबीखाना दुपारीही चालू असतो. तमिळ वण्णार समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे कपडे धुतात. काथ्याचे दोन दोर एकमेकांत पिळून ताणलेले असतात आणि कपड्यांची टोकं त्या पिळात खोचतात, चिमट्यांची गरजच पडत नाही. तेवढं एक टोक आणि दोराचा पीळ, एवढाच फोटो जवळून घेऊन बघा. इथे प्रकाशाचं एक गणित लागतं. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकट पांढऱ्या चादरींनी भरली की त्याला ती फार उजळ वाटते, तो उजेड कमी करतो आणि चादरी मळकट दिसतात. अशा वेळी फोनच्या पडद्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवावा. संध्याकाळी जाळ्यांपाशी याच्या नेमकं उलट करावं, उजेड खाली ओढावा. फोनची एचडीआर सोयही तेव्हा बंद ठेवावी. ती सावल्यांत उजेड भरते आणि काळीभोर आकृती करडी होऊन जाते.

पाण्यावरची चकाकी काढायची तर पोलरायझर फिल्टर लागतो, पण तो सगळीकडे चालत नाही. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांच्या कोनात, म्हणजे थोडं खाली बघताना, तो सर्वांत जास्त काम करतो. सरळ खाली किंवा लांब क्षितिजाकडे बघताना त्याचा फारसा उपयोग नाही. हवेचीही काळजी घ्यावी लागते. थंड खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की कोचीच्या दमट हवेतली वाफ काचेवर जमते. तो बॅगेतच बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेशी जुळू द्यावा. समुद्राचा शिंतोडा बसला तर कोरड्या फडक्यानं घासू नये, मिठाचे कण काचेला ओरखडतात. गोड्या पाण्यात किंचित भिजवलेल्या मऊ कापडानं टिपून घ्यावं.

माणसांचे फोटो विचारून काढावेत. मल्याळममध्ये ‘चेट्टा, फोटो एडुक्कट्टे?’ एवढं म्हटलं तरी पुरतं. चेट्टा म्हणजे दादा, बाईमाणसाला चेची. जाळ्यांवरची मंडळी पर्यटकांना दोर ओढू देतात आणि त्याचे पैसे मागतात, त्यात वावगं काही नाही. त्यांचा वेळ आणि जागा आपण घेतो. काढलेला फोटो तिथेच दाखवावा. पुढचा फोटो बहुतेक वेळा जास्त चांगला येतो, कारण समोरच्यानं आपल्याला काम बघू द्यायचं ठरवलेलं असतं.

सूर्य मावळला की गर्दी पांगते. पण खरी वेळ पुढच्या वीस मिनिटांची असते. आभाळ निळं आहे आणि दिवे लागलेत, दोन्हींचा उजेड सारखा होतो तेव्हा. एर्नाकुलमला असाल तर तिथल्या मरीन ड्राइव्हवरून पश्चिमेकडे बघा, बोळगाट्टी बेट आणि त्यामागे वल्लारपाडमच्या उंच क्रेन आभाळावर उमटलेल्या दिसतात. फोर्ट कोचीला असाल तर मुखापाशीच थांबा. फोन कठड्यावर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि शटर तीन-चार सेकंद उघडं ठेवा. चालत्या जहाजाच्या दिव्यांची रेघ पाण्यावर उमटेल. तिचा रंग बघून जहाज कुठे निघालंय ते ओळखता येतं. जगभर एकच नियम आहे, जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा आणि उजव्या बाजूला हिरवा. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर उभं असताना हिरवी रेघ दिसली तर जहाज आत येतंय, लाल दिसली तर समुद्रावर निघालंय. समोर वैपिनला उभं राहून बघणाऱ्याला तेच नेमकं उलट दिसतं.